डबल बेडवर एकट्यानं कसं झोपावं

नाही, मी म्हणतो, गादीबद्दल माणसानं लिहायचं तरी किती? गादी असते, तिच्यावर माणूस झोपतो, सकाळी उठतो, संपलं! पण नाही. ‘योग्य गादी कशी निवडावी’ लिहिलं, ‘चुकीची गादी कशी ओळखावी’ लिहिलं, ‘गादी आणि तुमचा मणका’ लिहिलं, मग ‘तुमचा मणका आणि गादी’ असंही लिहिलं, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही… तुम्हाला सांगतो, मी एका गाद्यांच्या दुकानाच्या वेबसाइटचा लेखक आहे. म्हणजे खाली शोरूम, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्यांच्या थप्प्या, आणि दोन थप्प्यांच्या सांदीत एक टेबल, ते माझं. पंखा लावला की सगळं प्लास्टिक फडफडतं, बंद केला की मी भिजतो. मला काही वाटत नाही. सवय झालीय.

तर मालकांनी एक सल्लागार आणला. त्याला आम्ही लिंकमास्तर म्हणतो. पहिल्याच दिवशी गडी शोरूममधल्या सगळ्यात महागड्या गादीवर बुटांसकट मांडी घालून बसला आणि म्हणाला, “तुमची साइट सर्चमध्ये वर का येत नाही? कारण तुमचं नाव कोणी घेत नाही! दुसऱ्या साइट्सनी तुमच्याकडे बोट दाखवलं पाहिजे, की बाबांनो, हे इथे वाचा. त्या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात.”

मालक म्हणाले, “हात्तिच्या! मग मागू की! लावतो दोन-चार फोन.”

लिंकमास्तर असा दचकला, जसं काही मालकांनी गादीत ढेकूण आहे म्हणून सांगितलं! “छे छे! लिंक मागायची नाही! विकत तर मुळीच घ्यायची नाही! लिंक कमवायची. मनापासून लिहा, लोक आपोआप देतील.”

आपोआप… आता या आपोआपचा मला ताजा अनुभव होता, कारण माझी बायको नुकतीच आपोआप गेली होती. भांडण नाही, आदळआपट नाही, काही नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचं क्लिनिक आहे. एक दिवस म्हणाली, “क्लिनिकच्या वरची खोली रिकामी झालीय. मी तिकडे राहायला जाते.”

मी म्हटलं, “बरं.”

“एवढंच?”

मी म्हटलं, “पंखा आहे ना तिथे?”

आता मला सांगा, यात वाईट काय विचारलं? उन्हाळा होता! तिनं माझ्याकडे बघितलं, बॅग उचलली, गेली. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं असेलही, पण नक्की कुठे वाटलं ते सापडलं नाही.

दुकानात कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. आणि नेमके मालक म्हणतात, “अरे लेखक, वहिनींची साइट आहे ना पाठदुखीची? त्यांना म्हण की, टाका आमची एक लिंक!” लिंकमास्तरचे डोळे लकाकले. “डॉक्टरी साइटची लिंक म्हणजे सोनं! पण ए… मागायची नाही हं! कमवायची!” मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? गादीवर बसलेल्या माणसाशी उभ्यानं वाद घालता येत नाही.

मग एके दिवशी लिंकमास्तर धापा टाकत पोटमाळ्यावर. “सापडलं! लोक सर्चमध्ये काय विचारतात माहितीये? डबल बेडवर एकट्यानं कसं झोपावं! किती लोक विचारतात, आणि उत्तर एकाही साइटवर नाही! तू लिही. तुला अनुभव नाही, कबूल… पण कल्पना कर!”

केली कल्पना. बसलो आणि एका बैठकीत लिहून टाकलं. पहिले काही दिवस तुम्ही आपल्याच बाजूला झोपाल, झोपा, मध्ये सरकायची घाई करू नका. रिकाम्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवू नका, तो तिथेच राहायला येतो. गादीला माणूस झोपतो तिथे खळगा पडतो, म्हणून गादी अधूनमधून फिरवावी, डोक्याकडची बाजू पायाकडे. पण एक लक्षात ठेवा, फिरवली की पलीकडच्या माणसाचा खळगा तुमच्या बाजूला येतो. तो तुमच्या मापाचा नसतो. पाय जरा दुमडून घ्यावे लागतात. जमतं.

झालं! एवढंच! यात काय आहे सांगा? पण साहेब, लिंकांचा असा पाऊस पडला! नवरा गेलेल्या बायकांचा कुठलासा गट आहे, त्यांनी दिली. रात्रपाळीच्या नर्सेसनी दिली. एका घटस्फोटाच्या वकिलानं दिली! एकानं लिहिलं, ‘खळग्यापाशी आलो आणि रडलो.’ मालकांनी ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून शोरूमच्या काचेवर चिकटवलं, शेजारी सवलतीचा बोर्ड. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “दर महिन्याला असं एक रडकं देत जा!” मला काही वाटलं नाही. चहा सांगितला त्यांनी, तो प्यायलो.

आणि मग एका सकाळी खालून मालकांची आरोळी… “अरे लेखक! वहिनींनी लिंक दिली! न मागता!”

मी जिना उतरलो. लिंकमास्तरच्या लॅपटॉपवर तिची साइट. पाठदुखीचं पान, खाली एक ओळ, ‘गादी फिरवण्याबद्दल इथे वाचा.’ तुम्हाला सांगतो, माझे कान एकदम गरम झाले. पंखा चालू होता, तरी. आणि तेवढ्यात लिंकमास्तरनं तोंड वाकडं केलं. “अरेरे. नो-फॉलो आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे लिंक दिलीय, पण आतून सर्च इंजिनला सांगून ठेवलंय, की वाचायचं तर वाचा, या साइटची हमी मी घेत नाही.”

मी म्हटलं, “हो. ती बारकाईनं काम करते.”

मालक म्हणाले, “घरचीच माणसं! लाव फोन, म्हणावं काढा ते नो-फॉलो!” लिंकमास्तर आपला “मागायची नाही, मागायची नाही” करतोय, मालक माझ्या हातात फोन कोंबतायत… काय करता? लावला. ती गेल्यापासूनचा पहिला फोन, आणि तो कशासाठी, तर नो-फॉलोसाठी! शोरूमच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“बोल,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “लेख वाचलास?”

“वाचला. खाली नाव नव्हतं.”

“मग कळलं कसं?”

“एवढं सगळं लिहून शेवटी ‘जमतं’ म्हणणारा माणूस मला एकच माहितीये.” मग म्हणाली, “खरंच फिरवलीस गादी?”

“हो.”

“माझ्या खळग्यात झोपतोस?”

“हो. पाय दुमडून.”

ती म्हणाली, “हे मला सांगायला तुला दुकानाची साइट लागली?”

मी म्हटलं, “ते… नो-फॉलो काढता का, असं मालक विचारतायत.”

तुम्हाला सांगतो, ती हसली. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आधी वाटलं लाइन खराब आहे. म्हणाली, “मालकांना सांग, एका लेखावर हमी मिळत नाही. पुढचा कशावर आहे?”

मी म्हटलं, “उशी.”

“लिही. वाचते आणि ठरवते.” ठेवला फोन.

आणि माझ्या छातीत, इथे, डाव्या बाजूला, काहीतरी वाटलं. जिन्यावर बसून राहिलो थोडा वेळ. मालक आले, “काय म्हणाल्या वहिनी?” मी म्हटलं, उशीचा लेख वाचून ठरवते म्हणाली. मालक खूश! “वा! मग होऊ दे मोठा! उशांचा साठाही पडून आहे!”

तर लिहितोय. सगळं लिहितोय, पंख्याबद्दल का विचारलं तेसुद्धा. बरा झालाय. फक्त लिंकमास्तरचा नियम आहे, प्रत्येक लेखाच्या शेवटी ठळक अक्षरात ‘आम्ही वाट पाहत आहोत, आजच संपर्क साधा’ लिहायचंच. लिहिलं. अगदी मनापासून लिहिलं… पण खाली नंबर दुकानाचा जातो हो!