हॅश तेवढा बदलला

मी उगाच भडकते म्हणता ना? मग हे ऐका की. जुळे सोलापुरात मी ज्या रक्ताच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिथलं सॉफ्टवेअर मधूनच आधीच्या पेशंटचा रक्तगट पुढच्याच्या रिपोर्टवर छापायला लागलं. रक्तगट हो! कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. त्यानं दुरुस्त केलेली फाईल पाठवली. टाकली, चूक तशीच. परत फोन, परत नवीन फाईल, परत तीच चूक.

मला संशय आला. दोन्ही फाईलींचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक अक्षर बदललं तरी तो वेगळा येतो. दोन्हींचा अगदी एकच!

"अहो, नाव बदलून तीच फाईल पाठवलीत की!"

"नाही मॅडम, नवीन आहे."

"मग हॅश एकच कसा?"

मग तो म्हणाला, "संध्याकाळी देतो."

संध्याकाळच्या फाईलचा हॅश खरंच वेगळा होता. टाकली. स्क्रीनवरचा व्हर्जन नंबर तेवढा बदललेला, रक्तगट आधीच्याच पेशंटचा!

फोनवर त्याला असा झापला म्हणून सांगू! तर तो मलाच म्हणतो, "मॅडम, तुम्हाला हॅश वेगळा पाहिजे होता, दिला की वेगळा. आता अजून काय पाहिजे?"