टपावरच्या कूलरची ओळख

जबाब

नाव: पाइंदा मोहम्मद वल्द शेर मोहम्मद. वय: अंदाजे साठ. धंदा: टॅक्सी चालवणे. राहणार: दंड जिल्हा, शहर कंदाहारच्या दक्षिणेस.

मी आज चौकीत जातीने हजर असून, अंमलदारसाहेबांनी विचारल्यावरून खरे तेच सांगतो, की मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहतो आणि माझी जुनी टॅक्सी शहरात चालवतो. गाडीतला मूळचा एसी केव्हाच मेला. म्हणून इथल्या बहुतेक टॅक्सीवाल्यांप्रमाणे मीही टपावर पत्र्याचा कूलर बसवला आहे. पेटीत ओले गवत, त्यामागे पंखा, आणि गार वारा मागच्या खिडकीतून आत सोडणारा जाड नळ. आमच्या थांब्यावरचे सगळे कूलर एकाच पत्रेवाल्याने केलेले, त्यामुळे एक झाकावा आणि दुसरा काढावा.

नळ पुढे न घेता मागे का घेतला, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की कूलर माझ्यासाठी नाहीच. गेल्या उन्हाळ्यात झलांदच्या आईला इस्पितळात नेत होतो. झलांद हा माझा थोरला मुलगा. त्याच्या आईला हृदयाचे दुखणे आहे. बाहेर आग, गाडीत भट्टी, त्यात अंगावर बुरखा. मी पुढून विचारतोय, "बरी आहेस ना गं?" आणि मागून उत्तर नाही. वळून पाहिले तर मान टाकलेली. रस्त्याकडेच्या कलिंगडवाल्याने पाणी आणून दिले. त्या दिवशी मी फार घाबरलो. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "एवढं बोंबलायला काय झालं? मेले नाही अजून." दुसऱ्याच दिवशी मी कूलर करायला टाकला.

काल दुपारच्या नमाजाला गाडी मशिदीबाहेर लावली. परत आलो तर टप बोडका आणि कापलेला नळ खिडकीत लोंबकळत होता. आज सकाळी तोच कूलर अख्तर जान याच्या गाडीवर दिसला; पत्र्याच्या फटीतून डोकावणाऱ्या निळ्या कापडावरून मी तो ओळखला. अख्तर जान माझ्याच थांब्यावरचा, माझ्या मुलाच्या वयाचा. विचारले तर म्हणतो, "काका, ऊन लागलंय तुम्हाला. हा माझा आहे." मी त्याची गचांडी धरली, हे खरे आहे. शिपायाने आम्हा दोघांना कूलरसकट इथे आणले.

उद्या झलांदच्या आईला डॉक्टरांकडे न्यायचे आहे. कूलरवाचून मी तिला त्या गाडीत बसवणार नाही, आणि नेले नाही तर तिची औषधे संपतील. हे मी साहेबांना पुन्हा पुन्हा सांगितले.

साहेब म्हणाले, "काका, सगळे कूलर सारखेच. तुमचाच कशावरून? खूण सांगा." मी सांगितले की गवत ज्या पिशवीत भरले आहे ती घरी शिवलेली, निळ्या कापडाची आहे. अख्तर लगेच म्हणाला, "माझीही निळीच आहे. घरीच शिवलीय." मग मी सांगितले की पिशवीला आतल्या बाजूने लाल दोऱ्याने एक नाव शिवलेले आहे. साहेबांनी विचारले, "कुणाचं?" मी पागोटे सारखे करत बसलो.

मला वाचता येत नाही. झलांदच्या आईने यंदाच्या हिवाळ्यात नातीकडून अक्षरे शिकून घेतली. स्वतःच्या नावापुरती आली. यंदाच्या उन्हाळ्यासाठी गवताची नवी पिशवी शिवून झाली तेव्हा मी विचारले, "हे लाल काय आहे?" म्हणाली, "मी आहे." मी चिडलो. "डोकं ठिकाणावर आहे का? चार लोकांनी वाचलं म्हणजे?" तर म्हणते, "गवतात कोण तोंड घालतंय? तुम्ही तर लग्न झाल्यापासून एकदाही घेतलं नाहीत. निदान वारा तरी माझ्या नावावरून येऊ दे." पिशवी पेटीत मीच बसवली.

आमच्यात घरच्या बाईचे नाव परक्या पुरुषांपुढे घेत नाहीत. साहेबही इथलेच. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माझा नाइलाज आहे काका. आधी तुम्ही सांगायचं, मग आम्ही पिशवी उघडायची. नाहीतर ती खूण कसली?" खोलीत साहेब, शिपाई आणि अख्तर. माझा सदरा घामाने चिंब झाला. नको तो कूलर, असे म्हणून मी उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो. पण उद्या तिला घरी ठेवून मी कुठे तोंड दाखवणार होतो? परत येऊन बसलो आणि म्हणालो, "लिहा साहेब. तिचं नाव..."

तेवढ्यात अख्तर ताडकन उठला. "काका, थांबा! घेऊ नका. तुमचाच आहे. मीच काढला. तान्हं पोर उन्हानं तळमळतं, बुद्धी फिरली माझी. पण काकूंचं नाव माझ्यापायी या चौकीत नको." बोलताना तो रडत होता.

साहेबांनी पेन खाली ठेवले. "चला, मिटलं. आता सांगायची गरज नाही काका."

मी म्हणालो, "गरज आहे. इतकी वर्षं गिळलं. आता ओठांवर आलंय, ते परत आत जात नाही. लिहा." शिपाई आपणहून बाहेर गेला. अख्तरने भिंतीकडे तोंड केले.

चोरी शाबीत व्हावी म्हणून नव्हे, तर वस्तू कुणाची ते कागदावर यावे म्हणून सांगतो. हा कूलर गुलालईचा आहे. गुलालई माझी बायको आहे.

अख्तर जानविरुद्ध माझी तक्रार नाही. कापलेला नळ मात्र त्याने आज संध्याकाळपर्यंत जोडून द्यावा. नंतर त्याने मला पत्रेवाल्याकडे भेटावे, पोरासाठी कूलरचे बघू.

वरील मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला. नावाची ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली, म्हणून मी ती पुन्हा, मोठ्याने वाचायला लावली. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

पाइंदा मोहम्मद याचा अंगठा