हिशेबातून काढलेली उष्णता

हॅलो?... हां, बोल गं. थांब, दार लावते, बाहेर कारखान्यात प्रेस चालू आहे, काही ऐकू येत नाही... हं, बोल.

...अच्छा. म्हणजे जावईबापूंनी बायकोला पुढं केलं. माझ्या शेजारच्या खोलीत बसतात, पण स्वतः यायला पाय जड झाले.

...नाही. त्याच्या त्या साच्याच्या अहवालावर मी सही करणार नाही... ताई, ताई करू नकोस. त्याची बढती जाईल, मान्य. पण त्या आकड्यांवर साचा बनला आणि प्रेसखाली तडकला, तर समोर उभा असलेला माणूस जाईल.

...हो, हो... अगं ऐक ना आधी. तार घे, चारदा वाकव. हाताला गरम लागते ना? तसाच धातू दाबला की आपला आपण तापतो. तापला की मऊ पडतो, मऊ पडला की आणखी दबतो, आणखी तापतो. आणि या शहाण्यानं काय केलं? संगणकावरच्या हिशेबात दाबताना तापमान गोठवून ठेवलं, उष्णता मागाहून ओतली. मग आकडे लागले उड्या मारायला. ते गप्प बसावेत म्हणून पठ्ठ्यानं ती उष्णताच हिशेबातून काढून टाकली. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फेकावा तसं. वर रंगीत आलेख.

...काय? हिशेबाची पायरी लहान घेतली तर? हो, एका दमात न दाबता क्षणाक्षणाचा हिशेब करत लहान लहान पायऱ्या घेतल्या की आकडे शांत होतात... पण घरचा संगणक तेवढं ओढत नाही? हे तुला काय माहीत?

...तू? हे हिशेब तू करतेस? कधीपासून?... आधीचे अहवालसुद्धा? सगळे?... मग तो काय करतो?

...फक्त पहिलं पान, स्वतःच्या नावाचं. वा.

म्हणजे चूकसुद्धा या माणसाला स्वतःची करता येत नाही.

...रडू नकोस. तुझी चूक मी पोटात घालणार नाहीये. दाबताना तापमान बांधू नकोस, चढू दे. तयार झालेली उष्णता जागच्या जागी ठेव, पसरव ती दुसऱ्या टप्प्यात. मग मोठी पायरी घेतलीस तरी आकडे उडणार नाहीत... हो, एवढंच. तुला जमेल, मला ठाऊक आहे.

...सही? करीन की. पण अहवालावर तुझं नाव पाहिजे. एकटीचं.

...त्याला वाईट वाटेल? वाटू दे.

...काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल... माहेरचं आडनाव लिहू का?

...तेच लिही. सासरचं दिसलं की लोक पुन्हा त्याचीच पाठ थोपटतील. चल, ठेव आता, कामाला लाग.