पडद्यावरचा मुडदा

माह्यं माहेर तिरोड्याकडचं, लग्न होऊन दवनीवाड्यात आली तर घरभर नाटकाचे पडदे, महाल, जंगल, नदी. माह्या घरचे पेंटर ना. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हंजे जत्राच, भरते, रातभर नाटकं लागतेत, त्याचे पडदे हेच रंगवत, बाकी दिवस धानाची शेती. काय सांगू तुमाले, सगळ्यात जास्त मागणी लढाईच्या पडद्याले. मी विचारलं एकदा, काऊन लागते एवढी मारामारी लोकायले, तर म्हणाले, लढाई नसन तर पब्लिक उठून जाते. घ्या.

आता लढाई म्हटलं का मुडदे आलेच, अन् ह्यायची खोड अशी का पाहिल्याशिवाय हात चालत नाई. पण मेल्यासारखा झोपाले कोण तयार होते? गावात कोणालेबी म्हणा, अपशकुन म्हणतेत अन् पळतेत. मंग आमचा पोरगा राकेश, दहावीत होता, मिसरूड फुटून राहिलं होतं, म्हणे मी झोपतो बाबू, मले मुरमुऱ्याचा लाडू द्या. पडला ओसरीवर हातपाय पसरून, हसू दाबून राहिला होता. त्याच्यावरून ह्यायनं दुश्मनाचा शिपाई काढला, मिशी जाड केली, छातीत भाला. मीबी हसली तवा. सगळ्या मंडईत तोच पडदा फिरला.

मंग राकेश फौजेत लागला. अन् एका दिवाळीले तिकडं सीमेवर गोळीबार सुरू झाला, त्याचा फोन बंद. टीव्हीवाले ओरडून राहिले, चौकात पोरं फटाके फोडून राहिली, अन् मी मोबाईल कमरेले खोसून धान कापून राहिली. वाजला का विळा टाकून पाहावं, तर सिमच्या कंपनीवाल्याचा फोन.

त्यातच नाटक मंडळवाला आला, लढाईचा पडदा द्या, उद्या मंडई आहे. ह्यायनं ओसरीवर उलगडला. माहा राकेश पडला होता रगतात. मी म्हटलं, पुसा ते तोंड. हे म्हणाले पुसतो, पण मंग कोणाचं काढू? दुश्मनाचं काढा म्हटलं. म्हणाले, दुश्मन पाह्यला कोणं? माह्या तोंडातून शेजारच्या सुनीलचं नाव निघालं अन् मलेच लाज वाटली, त्याची माय मले रोज भाजी देते. मंग ती जागा कोरीच ठेवा म्हटलं, तर मंडळवाला म्हणे, काकी, मुडद्याशिवाय लढाई कशी दिसन, लोक हसतीन. मले असा राग आला, म्हटलं, हसू दे न, हसून कोणाचं पोरगं मरते काय? पण पडदा त्याले पाहिजेच होता.

मी पदर खोचला अन् ओसरीवर आडवी झाली. माहं काढा म्हटलं. हे ब्रश धरून तसेच उभे, म्हणाले उठ, माह्यानं नाई होत. मी म्हटलं, पोराले झोपवलं तवा झालं न? रडत रडत काढलं माणसानं. मिशी लावली, टोप घातला, पण हनवटी माहीच, हे गोंदण पाहा, हेबी काढलं.

मंडई झाल्यावर फोन आला. माय, बरा आहो, एवढंच बोलला. मी म्हटलं जेवला का? अजून काय विचारीन.

आता दरसाल तो पडदा लागते, त्यावर दुश्मन पडलेला दिसला का लोक शिट्ट्या मारतेत. माह्या बाजूले बसलेल्या बाया म्हणतेत, मेला एकदाचा. मी मनात म्हणते, वाजवा बाबा हो, टाळ्या वाजवा, माह्यावर वाजवून घ्या. देवा, राकेशले सुखी ठेव, अन् तिकडं जो त्याच्यासमोर उभा आहे, त्याच्या मायलेबी फोन लागू दे.