झाकणाची बादली

—म्हणजे जंतू तुमच्या बशीत मरतो आणि आमच्या सुनेच्या पोटात मरत नाही? अहो वा! ऐकावं ते नवलच. बसा ना, उभ्या का? त्या स्टुलावर नको, ओलं आहे ते — इथे बसा, या गठ्ठ्यावर, धुतलेल्या चादरी आहेत, चावत नाहीत. इस्त्री चालू ठेवते हं मी, लाँड्रीत आयुष्य गेलं, तोंड आणि हात दोन्ही एकदम चालतात माझे — तर काय सांगत होतात? हिचा नमुना नेलात, कापसाच्या काडीवर. तुमच्या लॅबमध्ये बशीत पेरलात. उबेच्या कपाटात ठेवलात. जंतू उगवला. त्याच्यावर औषध टाकलंत, हिला दिलं होतं तेच — आणि तो मेला. फटकन मेला. आणि तरी हिला पुन्हा झालंय. तिसऱ्यांदा! आता तुमच्या मोठ्या मॅडमना कोडं पडलंय, म्हणून एवढ्या उन्हात तुम्हाला पिटाळलं, की जा, घरी जाऊन विचार. अहो, कोडं कसलं त्यात? औषध चांगलं, बशी शहाणी, जंतू सांगितल्यासारखा मरतोय — मग खोट कुणात? बाईत! एवढं संशोधन का काय ते करता, आणि हे मी सांगायचं?

मागच्या खेपेला तर काय खुशीत होत्या तुमच्या मॅडम! मी आले होते ना हिच्याबरोबर, बाहेर बाकावर बसले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं — औषधाला दाद न देणारा नवीन जंतू असेल, म्हणे, लेख लिहू, परिषदेत वाचू. मला नातू नाही आणि तुम्हाला जंतू! म्हटलं घ्या, हिच्या पोटातून कुणाचं तरी भलं होऊ दे. — हसू नका. नाही हसलात? बरं. तुम्ही हसतच नाही का कधी? लग्न झालंय? नाही ना, वाटलंच मला. दिवसभर लोकांच्या घाणीत काड्या घालायच्या, मग कुठून हसू येणार? तसं म्हणा, माझाही धंदा तोच. तुमची घाण बशीत, माझी टबात. फरक एवढाच, की माझ्याकडे ती जाते. तुम्ही मेल्या ती वाढवता, ऊब देऊन देऊन!

हळू बोलू? ते का बरं? आहे ना ती मागे, पडद्याआड, टबाशी. ऐकू दे की. पाठीमागे बोलायची सवय नाही मला. लग्न होऊन तीन वर्षं झाली, एकदा राहिलं, ते गेलं. नंतर काही नाही. आज पोट दुखतंय, उद्या कणकण, परवा अंगावरून जातंय — आणि आता तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एक नळी बंद झाली, दुसरी सुजलीय, आणखी एकदा दुखणं उलटलं तर तीही जाईल, मग मूल विसरा. विसरा, म्हणे! त्यांचं काय जातंय? एकुलता एक मुलगा माझा. त्याचा बाप गेला तेव्हा बाळ एवढासा होता, या टेबलाखाली झोपायचा, वरून शर्टांची वाफ. हे बघा हात, सोड्याने खाल्लेत. मला हवंय हो नातवंड. लपवून काय ठेवायचं? रस्त्यात कुणाच्या कडेवर मूल दिसलं की हातातला गठ्ठा खाली ठेवून बघत राहते मी. म्हणून ठरवून टाकलंय — रविवारी हिचा भाऊ येतोय, बॅग भरून ठेवलीय, जाईल माहेरी. पुढचं पुढे. एक मुलगी आहे नजरेत, शिवणकाम करते, चांगली रुंद हाडाची आहे. वकील म्हणाले, रोग सुनेचाच आहे असं लॅबवाल्यांकडून आणा, म्हणजे काम सोपं होईल. तेव्हा तुम्ही आलात ते एका अर्थी बरंच झालं. लिहून द्या की दोन ओळी! काय जातंय तुमचं?

आं? पुड्या? हो, मिळाल्या की. दर खेपेला दोन — एकीवर हिचं नाव, दुसरीवर ‘नवऱ्यासाठी’. संपल्या ना, दोन्ही संपल्या. तुमच्याकडून फोन येतो, दोन्ही पुड्या संपल्या का आजी — आजी म्हणतात मेले, आजी कुठे केलंत मला अजून? — मी सांगते, संपल्या, शेवटच्या गोळीपर्यंत. खोटं कशाला बोलू? स्वतः समोर उभी राहून घ्यायला लावते मी. कुणाला म्हणजे? हिला! दोन्ही हिलाच. — असं काय बघता? आजारी कोण? ही. मग औषध कोण घेणार, शेजारीण? बाळ माझा धडधाकट, पाठीवर गठ्ठा घेऊन दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो, त्याला कशाला गोळ्या? पुडी दाखवली तर म्हणाला, आई, मला काय झालंय? बरोबरच आहे त्याचं. मग ती टाकून द्यायची का? मी वाया घालवणारी बाई नाही, साबणाचे उरलेले तुकडेसुद्धा वितळवून वापरते. म्हटलं, दुप्पट घेतलं तर दुप्पट गुण येईल. उलट्या झाल्या तिला, भिंतीला धरून बसली दिवसभर, पण घ्यायला लावल्या. दोन्ही खेपेला. तेव्हा तुमच्या मॅडमना सांगा, सासूने काही कसर ठेवली नाही म्हणावं.

कपाळाला का हात लावलात? ऊन लागलं का? पाणी हवंय? — नको. मग? ...त्याच्यात? काय त्याच्यात? जंतू बाळाकडे बसलाय? म्हणजे ही गोळ्या खाऊन बरी होते आणि पुन्हा त्याच्याकडूनच... शी शी! काय बोलता हो, बाईमाणूस असून! जिभेला काही हाड? पुरुषाला कधीकधी कळतसुद्धा नाही, म्हणता? मग झालं तर! ज्याला कळत नाही त्याला झालंय कशावरून? म्हणजे तुमचा तो नवीन जंतू, तो लेख, ती परिषद — सगळं बोंबललं म्हणा की! रागावलात होय त्यापायी? हिची नळी गेली म्हणून? अहो, गेली असेल, मी काय मुद्दाम...

हे बघा, माझा बाळ स्वच्छ आहे, हे मला तुमच्या बशीने सांगायला नको. कशावरून काय? कपड्यांवरून! तुम्हाला भिंग लागतं, मला नुसती नजर पुरते. कॉलर बघून सांगते माणूस किती घाबरट आहे ते. बाही बघून सांगते कोण रडलंय. हॉटेलांच्या चादरी येतात आमच्याकडे — बाळच जातो गाडी घेऊन आणायला, दोन-दोन दिवस बाहेर राहावं लागतं बिचाऱ्याला, तिकडेच झोपतो कुठेतरी — त्या चादरींवर काय काय पाहिलंय मी, तुमच्या मॅडमनी पाहिलं नसेल. रक्ताला थंड पाणी, गरम घातलंत की बसलंच ते कायमचं. घामाला ऊन. आणि एक पिवळा डाग असतो, हिरवटपणाकडे झुकणारा, वाळला की खळ लावल्यासारखा कडक होतो — तो साबणाला भीक घालत नाही. त्याला रात्रभर ब्लीचमध्ये बुडवून ठेवायचं, वर झाकण घट्ट. दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं इतकं पांढरंशुभ्र. — कुठल्या चादरीवर? चादरीवर कुठे, चड्डीवर अस... कपड्यांवर हो. कपड्यांवर म्हटलं मी. येतात लोकांचे. काय सगळ्यांची नावं लक्षात ठेवते का मी?

बाळाचे? बाळाचे मीच धुते. हिला हात लावू देत नाही. — काही कारण नाही हो, कातडी नाजूक आहे त्याची, साधा साबण सोसत नाही. वेगळी बादली आहे, निळी, झाकणाची. — आता कधीपासून ते काय सांगू? झाली की बरीच वर्षं. बाहेरगावी नोकरीला होता, ती सोडून घरी आला तेव्हापासून. उन्हाळी लागली होती त्याला. लघवीला आग व्हायची, ओठ चावत बाहेर यायचा. सगळ्यांना लागते उन्हाळी, त्यात काय? — थंडीच होती. हो, ऐन थंडीत लागली, मग? उन्हाळीला काय कॅलेंडर कळतं? धने-जिऱ्याचं पाणी देत होते मी. डॉक्टरकडे नाही नेलं, चार लोक काय म्हणतील? सगळ्या गल्लीचे कपडे धुणारी मी, माझ्याच घरात... आणि लगेच मुली बघायला घेतल्या ना आम्ही. म्हटलं घरचं माणूस आलं, घडी बसली, की होईल आपोआप सगळं ठी... 

नाही. नाही, तसं नाही म्हणाले मी. तुम्ही शब्द पकडू नका. लग्नाच्या आधी असं मी म्हटलंच नाही. म्हटलं असेल तरी उन्हाळी म्हटलं. उन्हाळी वेगळी, तुमचा जंतू वेगळा. हिने आणला तो, माहेराहून. तिथे कोण कुठे... काय माहीत आपल्याला?

मागचं पाणी का थांबलं? सूनबाई! टब भरला का गं? — हं, आलीस. ये. बघ, तुझ्या लॅबवाल्या बाई आल्यात, काहीबाही सांगतायत — हातात काय आहे तुझ्या? अगं, ती बादली कशाला आणलीस पुढे? गिऱ्हाइकं येतात इथे! मागे ने. टेबलावर नको. इस्त्रीच्या टेबलावर नको म्हणते ना, पांढरे शर्ट आहेत! झाकणाला हात... अगं, तुला एकदा सांगून...

तुम्ही काय वाकून बघता हो? कपडे आहेत. घरातल्या माणसाचे कपडे आहेत. सकाळीच भिजवलेत, ब्लीच घालायचं राहिलंय अजून — घाला ना मान खाली! लाज आहे की नाही? आणि त्या पुड्या काय देताय तिच्या हातात? माझ्याकडे द्या, मी बघते. सूनबाई, इकडे दे. — एकच घेतलीस? आणि ही? ही बादलीच्या काठावर कशाला ठेवतेस? ‘नवऱ्यासाठी’... भिजेल ना ती. मी देते त्याला. अगं देते ना, ऐक तर, आल्या आल्या हातात देते, समोर उभी राहून घ्यायला लावते. तुझ्या गळ्याशपथ. हे बघ, ही इस्त्री ठेवली. बस खाली. लॅबवाल्या बाई, तुम्ही सांगा ना तिला, एक नळी शाबूत आहे ना अजून? आहे ना? मग!

एका हातात झाकण, एका हातात बॅग — कुठे निघालीस? रविवारी म्हटलं होतं मी. आज कोण येतंय तुला न्यायला? ...यांच्याबरोबर? यांची काय ओळखपाळख आपली? अगं, थांब, चप्पल तरी नीट घाल — या या, कुणाचे कपडे आहेत? पावती आहे का? नाही, आत येऊ नका! तिथेच थांबा. दुकान बंद आहे. हो, दिवसाढवळ्या बंद आहे, मालकीण मी आहे की तुम्ही? जा म्हटलं ना! — सूनबाई! ए सूनबाई! अगं, ते झाकण तरी देऊन जा!