सामन्यानंतरची रांग

शरयू : अरे, किती वेळ हात धुतोयस? साबणाची वडी झिजली.

सिद्धेश : वास जात नाहीये.

शरयू : तुझ्या हॉकीच्या बॅगचा असेल. ते कुबट धूड गराजमध्ये ठेव म्हणून कधीची ओरडतेय मी.

सिद्धेश : बॅगचा नाही. थुंकीचा.

शरयू : शी! कुणाच्या?

सिद्धेश : माझ्याच पोरांच्या. सकाळी ज्यांना अल्जिब्रा शिकवतो आणि संध्याकाळी बर्फावर हॉकी खेळायला नेतो, त्यांच्या. मॅच संपली की हातमोजे काढून रांगेनं हात मिळवतात ना? यांनी तळहातावर थुंकून मिळवले. सगळ्यांशी नाही. समोरच्या टीमच्या एकट्या गोलकीपरशी.

शरयू : त्यानं काय घोडं मारलं होतं?

सिद्धेश : तो आपल्यासारखा दिसतो. प्रितम गं. प्रणिताचा मुलगा.

शरयू : रविवारी आपल्याकडे जेवून गेला तो? मेले! तुला कसं कळलं?

सिद्धेश : कोच रांगेत शेवटी असतो. त्याचा हात हातात घेतला, तर ओला, चिकट. वाटलं, घाम असेल. मग लॉकर रूममध्ये यांचं खिदळणं ऐकलं. किळस आली. त्या शाळेची, या खेळाची, माझी स्वतःचीसुद्धा.

शरयू : तुझी कशाला?

सिद्धेश : नागपूरहून इकडे अमेरिकेत शिकायला आलो, तेव्हा मला बर्फावर धड उभंही राहता येत नव्हतं. हौशी लीगमधल्या पहिल्या मॅचला नुसता आपटत होतो, सगळे हसत होते. पण शेवटी रांगेत प्रत्येकानं हात दिला. त्या रांगेपायी हा खेळ धरला मी. २००१ला कंपनीनं नारळ दिला, तर मास्तर झालो. पोरांना म्हणे हे शिकवणार! शिकवलं बघ.

शरयू : प्रिन्सिपलना सांगितलंस?

सिद्धेश : सांगितलं. म्हणाले, कॅप्टनला बेंचवर बसव, बाकीच्यांचा विषय वाढवू नकोस, शनिवारी फायनल आहे.

शरयू : बरोबरच आहे. म्होरक्या तोच असणार. आपल्या यशचीही पहिली फायनल आहे रे, टीम मोडू नकोस.

सिद्धेश : यश, जिन्यात उभा राहून ऐकू नकोस. खाली ये. आईला सांग.

यश : बाबा, एव्हरीबडी डिड इट.

शरयू : तू नाही ना पण? यश?

यश : नसतं केलं, तर नेक्स्ट टाइम दे वुड डू इट टू मी.

(शरयू नळ बंद करते.)

शरयू : अरे, तुझ्या शेजारी बसून जेवला तो. माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या त्यानं!

सिद्धेश : शनिवारी आपली टीम उतरणार नाही. तसं कळवलंय मी. नोकरी राहिली तर राहिली. यश, बूट घाल. प्रितमकडे जायचंय.

यश : ही वोन्ट शेक माय हँड, बाबा.

सिद्धेश : नको मिळवू दे. माझ्याशी मिळवला त्यानं. काकांना हात द्यायचा म्हणून आधी जर्सीला खसाखसा पुसला. तरी ओलाच होता.