पाय उशिरा पडला

हां, तीच. पेपरात फोटो आला ती वर्षा आमच्याच क्लासची. पण फोटो बघून पोरीला इथं घालू नका वहिनी, एवढंच मी म्हणत होते — नाही, जागा आहे, जागेचं काय, हॉल समाजाचा आहे, संध्याकाळी रिकामाच असतो. बसा ना. सतरंजीवरच बसा. पोरींना यायला अवकाश आहे अजून. तुमची दिपाली खाली थांबली का? थांबू द्या. तिच्यासमोर नको बोलायला.

तुम्ही गोडादऱ्याहून एवढ्या उन्हात चालत आलात आणि मी सरळ नाही म्हणते, राग आला असेल. येणारच. फोटो आल्यापासून रोज कोणी ना कोणी आई येते पोरीचा हात धरून — नूतनबेन, हिला पण तसं शिकवा. तसं म्हणजे कसं? वर्षासारखं, चाकूवाल्याला पळवलं तसं. मी हो म्हणते, उद्यापासून पाठवा म्हणते, आणि घरी गेल्यावर घास उतरत नाही. आज तुम्हालाच नाही का म्हटलं? आल्या आल्या तुम्ही विचारलंत ना, तिचा हात कसा आहे आता — म्हणून असेल. दुसऱ्या कोणी विचारलं नाही हो. सगळे चोराचंच विचारतात.

हात बरा नाही. टाके सुकले, टाक्यांचं काही नाही, पण ही दोन बोटं — अंगठ्याजवळचं आणि मधलं — मिटत नाहीत. आतली नस तुटली म्हणे, शिवलीय, पण पहिल्यासारखी होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. आणि पोरगी काम काय करते? साडीवर टिकल्या चिकटवते. घरी बसून, ती आणि तिची आई शोभाबाई. एवढीएवढीशी टिकली, चिमटीत धरायची, गोंदावर टेकवायची — मी बघितलंय तिला करताना, बोलता बोलता, न बघता करायची. उजव्या हाताने. आता डाव्याने करते. टिकल्या वाकड्या बसतात, शेठ साडी परत पाठवतो, मग रात्री शोभाबाई त्या उचकटून पुन्हा लावते. हे पेपरात नाही आलं.

मी कुठं शिकले? सांगते ना. हेमराज सर — उधन्याला त्यांचा कराटेचा क्लास, नाव ऐकलं असेल. मी मॅट्रिकला होते, गणपतीत सरांनी मुठीने कौलं फोडलेली बघितली. सर स्टेजवर आले की शिट्ट्या मारणारी पोरं गप्प व्हायची, एवढा माणूस. आमचे बाबा लूमवर, अंमळनेरहून आलेले, पोरगी पँट घालून लाथा मारणार म्हटल्यावर ऐकणार थोडेच. तर सर स्वतः घरी आले, खाटेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, काका, हिच्या डोळ्यांत भीती नाही, ती घरात कोंडू नका. माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं कधी. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं पहाटे उठले.

मधे एक वर्ष मी दुसरीकडेही गेले. चलथाणला, लक्ष्मण सरांकडे. पोलिसात शिकवायचे, रिटायर झाले होते. त्यांच्याकडे ना पांढरा ड्रेस ना पट्टा. साडी नेसून या म्हणायचे — रस्त्यावर साडीतच असणार ना तुम्ही? मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने सोडवा, जोरात ओरडा, पळा. आणि साडीतच पळायला लावायचे, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या बैलगाड्यांवरची माणसं खिदळायची. मी एकदा विचारलं, सर, त्याच्याकडे चाकू असला तर? म्हणाले, मागेल ते दे. मी म्हटलं, आणि द्यायचं नसलं तर? तर म्हणाले, तुझ्या थैलीत असं काय आहे बेटा, जे तुझ्या हातापेक्षा महाग आहे?

मला ते कमीपणाचं वाटलं. खोटं कशाला बोलू — मी मनात म्हटलं, म्हातारा भित्रा आहे. आणि परत आले हेमराज सरांकडे, पट्टा घेतला, काळा.

तो चाकूचा आयटम तिथलाच. गोपाल म्हणून सरांच्या क्लासमधला एक मुलगा होता, तो लाकडी चाकू घेऊन अंगावर यायचा, चाकूला चांदीचा कागद लावलेला. मी डावा पाय बाजूला टाकायचे, मनगट धरायचे, पिळायचे — चाकू खाली, गोपाल खाली, आणि लोक उभे. पण त्यातली गंमत काय, गोपाल सोडायचा. माझा पाय पडला की त्याने चाकू सोडायचा, असं ठरलेलंच. प्रॅक्टिसला एकदा तो सोडायचं विसरला तर मला हलवतासुद्धा आला नाही त्याचा हात. आम्ही दोघं हसलो. हेमराज सर नाही हसले. त्यांना दोष नका देऊ वहिनी, त्यांनी बजावलं होतं मला — नूतन, हे गणपतीपुरतं, उद्या तू शिकवायला लागलीस तर पोरींना हे देऊ नको.

मग दिलं का? तेच तर.

प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं, आम्हीही गावी गेलो, परत आलो तर इथं नवागामात निम्म्या घरांना कुलपं. त्यानंतर मी हा क्लास काढला. आधी लक्ष्मण सरांचंच शिकवायची बरं — सोडवा, ओरडा, पळा. आया येऊन भिंतीला टेकून बघायच्या. एक बाई म्हणाली, पळायचंच असेल तर आमच्या पोरी घरीसुद्धा पळतात. दुसऱ्या दिवसापासून तिची पोरगी बंद. मग आणखी एक बंद. आणि यंदा गणपती मंडळवाले आले — बेन, तुमच्या पोरींचा एखादा जोरदार प्रोग्राम द्या ना. पळण्याचा प्रोग्राम कसा देणार? मी कपाट उघडलं, लाकडी चाकू काढला.

वर्षासारखी पोरगी नाही माझ्याकडे दुसरी. एकदा दाखवलं की तिच्या अंगात बसतं. स्टेजवर तिने असा पाय टाकला, असं मनगट फिरवलं — लोक उठून उभे राहिले आणि वहिनी, टाळ्या तिला होत्या, पण माझ्याच अंगावर काटा आला. चाकूवाली पोरगी तिची मैत्रीणच, ती वेळेवर सोडत होती. वर्षाला कुठं माहीत की ती सोडतेय? त्या मैत्रिणीला बाजूला घेऊन सांगितलेलं मी — हिला कळू देऊ नको, हिचा जोर कमी होईल.

गणपती बसवले, बुडवले, आणि त्याच आठवड्यात ते झालं. रेल्वेखालचं गरनाळं, तो बोगदा आहे ना, तिथं. दिवेलागणीची वेळ, वर्षा शेठकडे तयार साड्या देऊन येत होती, थैलीत रिकामा डबा आणि गोंदाची बाटली. एक पोरगा समोर आला, हातात चाकू, म्हणाला, थैली दे दे. एवढंच म्हणाला. थैली द्यायची आणि चालू पडायचं. तिने पाय टाकला.

त्याने नाही सोडला. का सोडेल? त्याला कोणी सांगितलं होतं? तिने मनगट धरलं, त्याने हात मागे ओढला, तिची पकड घसरून पात्यावर गेली, तरी सोडलं नाही तिने — मी शिकवलेलं, काही झालं तरी मनगट सोडायचं नाही. पोरगा घाबरला, रक्त बघून घाबरला, चाकू टाकून पळाला. लोक धावून आले तर ही उभी, थैली काखेत, आणि म्हणते काय, पळवलं. पळवलं मी त्याला.

दवाखान्यात मी गेले तर शोभाबाई दारात. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं. तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले — "माय, तुनामुये मनी पोर वाचनी." तुझ्यामुळे वाचली म्हणते. माझ्यामुळे! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिथं उभ्या चार बाया म्हणाल्या, गुरू असावी तर अशी.

नवरात्रात सत्कार आहे. तिचा आणि माझा. शाल, नारळ, नगरसेवक येणार. सांगून टाकावं ना मी? मलाही कळतं. मंडळवाल्यांना सांगायचं, आयांना सांगायचं. ते जमेल एखादवेळी. ते नाही मला खात. मला खातंय ते वेगळंच आहे, ते मी घरात आईलासुद्धा — तुम्ही कोण, कुठल्या, मी का सांगतेय तुम्हाला —

दुसऱ्या दिवशी वर्षा शुद्धीवर होती चांगली. आई खाली चहा आणायला गेली. हात एवढा मोठा बांधलेला, उशीवर ठेवलेला. माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" मी तिची चादर सारखी केली. तर म्हणाली, "मनगट तर बरोबर धरलं होतं. स्टेजवर तर लगेच सुटला होता चाकू."

तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पोरी, तुझं काही चुकलं नाही, तो चाकू कधीच सुटणार नव्हता. तोंडात आलं होतं हो. आणि मी काय बोलले माहितीय? मी म्हटलं —

मी म्हटलं, "पाय उशिरा पडला तुझा."

तिने मान हलवली. पटलं तिला. म्हणाली, "हां ताई, मला वाटलंच." आणि डोळे मिटून झोपली, शहाण्यासारखी.

नका, पाणी नको. काही नको.

कोण आलं? — वर्षाच. चार दिवस झाले, रोज येते, बाकीच्या पोरी यायच्या आत. मी म्हटलं विश्रांती घे, तर ऐकत नाही. इकडे नाही बघणार ती, पाहुणे असले की लाजते. पण तुम्ही बघा. तिकडे, खिडकीपाशी. पट्टीचा हात छातीशी धरलाय ना? आता खाली बघा. डावा पाय — बाजूला. पुन्हा. पुन्हा. घाम येईस्तोवर हेच करते. पाय लवकर पडावा म्हणून करते. आणि मी रोज इथं बसून बघते, आणि परवा तर — परवा मी तिला म्हटलंसुद्धा, छान, सुधारतोय.

वर्षा! थांब गं. थांबव ते. इकडे ये, बस माझ्याजवळ — नाही, चुकलं नाही काही, बस तू.

वहिनी, तुम्ही निघा आता. दिपालीला घेऊन घरी जा. आणि पोरी वर यायला लागल्या तर त्यांना खालीच थांबा म्हणावं, आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या.